कवितेचे दोन काळ : सतराव्या शतकाच्या मध्यातील इंग्रजी काव्यग्रंथांविषयी एक विचार

१

सतराव्या शतकातील इंग्रजी कवितेचा अभ्यास बहुधा दोन-तीन रूढ संज्ञांच्या आधाराने केला जातो. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७७९ मध्ये काउलीच्या चरित्रात काही कवींना काहीशा उपहासाने लावलेले 'मेटॅफिजिकल' हे विशेषण ग्रिअर्सनच्या १९२१ मधील संग्रहाने, आणि त्याच वर्षी त्या संग्रहावर टी. एस. एलियटने लिहिलेल्या लेखाने, प्रतिष्ठा पावले. राजपक्षाच्या, दरबारी वळणाच्या कवींना 'कॅव्हेलिअर' म्हणण्याचा प्रघात आहे; आणि 'प्युरिटन' मिल्टन या दोहोंपासून वेगळा काढला जातो. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एक साधी ऐतिहासिक वस्तुस्थिती दृष्टीआड होते. या तिन्ही वर्गांतील कितीतरी महत्त्वाचे काव्यग्रंथ एकाच दशकात, १६४५ ते १६५५ या काळात, लंडनमध्ये छापून निघाले. वॉलर व मिल्टन यांच्या कविता १६४५ चे साल घेऊन बाहेर पडल्या. क्रॅशॉ व सकलिंग यांची पुस्तके १६४६ मध्ये, काउलीचे 'द मिस्ट्रेस' १६४७ मध्ये, हेरिकचे 'हेस्पेरिडीझ' १६४८ मध्ये, लव्हलेसचे 'लुकास्टा' १६४९ मध्ये आणि व्हॉनचे 'सायलेक्स सिंटिलान्स' १६५० मध्ये प्रसिद्ध झाले. हेच दशक इंग्लंडमधील यादवी युद्धाचे, राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाचे आणि राजाविना चाललेल्या राज्यकारभाराचे दशक होय.

या पुस्तकांतील पुष्कळशी कविता मात्र त्या दशकात लिहिली गेलेली नाही. तिच्यातील बराच भाग युद्धापूर्वीच्या शांततेच्या वर्षांतला आहे. दरबार, महाविद्यालये, सरदारांचे वाडे आणि मित्रमंडळे हे तिचे मूळ श्रोते. हस्तलिखित वह्या हे तिचे मूळ वाहन. कुलीन कवीने आपली कविता बाजारात मांडू नये, असा संकेत त्या समाजात होता. डनच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६३३ मध्ये, प्रथम संग्रहरूपाने छापल्या गेल्या, हे या संकेताचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तेव्हा या काव्याला दोन काळ आहेत : एक रचनाकाल आणि दुसरा प्रकाशनकाल. या दोहोंच्या मध्ये राज्य उलथले, धर्मसंस्था मोडली आणि सण-उत्सवांवर बंदी आली. शब्द तेच राहिले; पण ते शब्द ज्या जगाकडे बोट दाखवीत होते ते जग राहिले नाही.

टीकाकार सामान्यतः यांपैकी पहिल्याच काळाचा विचार करतात. कविता केव्हा लिहिली गेली हे एकदा ठरले, की तिचा संदर्भ ठरला असे मानले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, या विशिष्ट दशकातील काव्याच्या बाबतीत ही रीत अपुरी आहे. येथे प्रकाशन ही कवितेच्या जीवनातील केवळ बाह्य घटना नसून अर्थनिर्मितीची दुसरी अवस्था आहे. मात्र हे तत्त्व सरसकट लागू करता येत नाही. ते कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, हे ग्रंथागणिक तपासूनच ठरवावे लागते.

२

प्रथम छपाईची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १६४१ च्या जुलैमध्ये 'स्टार चेंबर' हे न्यायासन रद्द झाले आणि त्याबरोबर मुद्रणावरील जुने नियंत्रण कोसळले. १६४३ च्या जूनमध्ये पार्लमेंटने परवान्याचा नवा हुकूम काढला. त्याच्याच विरोधात मिल्टनने १६४४ मध्ये 'ॲरिओपॅजिटिका' लिहिले. पण मध्यंतरी पत्रकांचा जो पूर आला, तो या हुकुमाने ओसरला नाही. जॉर्ज टॉमेसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात निघालेली सुमारे २२,००० पत्रके, वृत्तपत्रे व पुस्तके जमविली आणि त्यांपैकी पुष्कळांवर ती हाती आल्याची तारीख स्वहस्ते नोंदली. आज ब्रिटिश लायब्ररीत असलेला हा संग्रह म्हणजे त्या काळातील वाचकाच्या टेबलाची दैनंदिनीच आहे.

या पत्रकांच्या गर्दीत काव्यग्रंथ छापण्याचे धोरण ज्याने चिकाटीने चालविले, तो प्रकाशक म्हणजे हंफ्री मोझ्ली. सेंट पॉल कथीड्रलच्या आवारातील त्याच्या दुकानातून वॉलर, मिल्टन, क्रॅशॉ, सकलिंग, काउली असे एकामागून एक कवी बाहेर पडले. मिल्टनच्या ग्रंथाला जोडलेल्या निवेदनात तो सांगतो की, या दिवसांत क्षुल्लक पत्रकदेखील विद्वानांच्या ग्रंथांहून अधिक खपते. तरीही आपल्या भाषेवरील प्रेमापोटी आपण या कविता छापीत आहोत, आणि वॉलरच्या कवितांना मिळालेल्या स्वागताने आपल्याला धीर आला आहे. हे निवेदन व्यापाऱ्याचे आहे, हे खरे. तथापि त्यातील विरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. एकीकडे पत्रके, म्हणजे चालू कलह. दुसरीकडे कविता, म्हणजे कलहापूर्वीच्या संस्कृतीचे संचित. मोझ्लीचा कल राजपक्षाकडे होता. त्याच्या सूचीत मिल्टनसारखा बिशपविरोधी लेखक इतर दरबारी कवींच्या शेजारी येऊन बसतो, याचा अर्थ एवढाच की, १६४५ साली 'कवी' मिल्टन आणि 'वादपटू' मिल्टन हे अद्याप वेगळे मानता येत होते. ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर, त्यातील गीतांना चाल लावणारा हेन्री लॉझ हा राजाच्या प्रार्थनामंदिरातील संगीतकार असल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. तो त्याच व्यापारी आणि सांस्कृतिक धोरणाचा भाग होय.

हे जग किती लहान होते, याचे एक गमक मुखचित्रांत मिळते. विल्यम मार्शल या खोदकाराने मिल्टनच्या १६४५ च्या ग्रंथाचे मुखचित्र कोरले, हेरिकच्या १६४८ च्या ग्रंथाचेही कोरले, आणि राजाच्या वधानंतर लगेच निघालेल्या 'आयकॉन बॅसिलिके' या ग्रंथातील प्रार्थनामग्न राजाचे चित्रही त्याचेच. मिल्टनने आपल्या ओबडधोबड चित्राखाली खोदकाराची थट्टा करणाऱ्या ग्रीक ओळी घातल्या आणि मार्शलने त्या इमानाने कोरल्या! पुढे त्याच मिल्टनने १६४९ मध्ये 'आयकॉनोक्लास्टिस' लिहून राजाच्या त्या प्रतिमेवर घाव घातला. राजपक्ष आणि पार्लमेंटपक्ष रणांगणावर समोरासमोर उभे होते. छापखान्यात आणि पुस्तकांच्या दुकानांत मात्र ते एकमेकांना खेटून होते.

३

प्रकाशनाने अर्थ कसा बदलतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 'लिसिडस' हे होय. केंब्रिजमधील मिल्टनचा सहाध्यायी एडवर्ड किंग १६३७ च्या ऑगस्टमध्ये आयरिश समुद्रात बुडून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ विद्यापीठातील मंडळींनी १६३८ मध्ये विलापिकांचा एक संग्रह काढला; त्याच्या इंग्रजी विभागात शेवटी, केवळ आद्याक्षरांनिशी, ही कविता आली. कवितेच्या मध्यावर संत पीटर प्रकट होतो आणि मेंढरांची निगा न राखता स्वतःचे पोट भरणाऱ्या धर्मोपदेशकांचा तीव्र धिक्कार करतो. १६३८ हे साल आर्चबिशप लॉड याच्या सत्तेच्या भराचे आहे. त्याच्या आदल्या वर्षीच बिशपांवर टीका केल्याबद्दल प्रिन, बर्टन व बॅस्टविक यांचे कान कापण्यात आले होते. अशा वेळी विद्यापीठाच्या औपचारिक शोकसंग्रहात हा धिक्कार गोपगीताच्या वेषात दडून आला. मेंढपाळ व मेंढरे हा संकेत व्हर्जिलपासून चालत आलेला; त्यामुळे तो निरुपद्रवी म्हणून वाचता येत होता.

१६४५ च्या ग्रंथात हीच कविता पुन्हा आली, आणि तिच्या माथ्यावरील टिपणात एक नवे वाक्य जोडले गेले. विद्वान मित्राच्या मृत्यूबद्दलचा शोक हा विषय सांगून झाल्यावर ते टिपण म्हणते की, प्रसंगोपात्त या कवितेत त्या वेळी वैभवाच्या शिखरावर असलेल्या भ्रष्ट धर्मोपदेशकवर्गाच्या विनाशाचे भाकीत केले आहे. ट्रिनिटी महाविद्यालयात जतन केलेल्या मिल्टनच्या हस्तलिखितातील टिपणात हे वाक्य नाही. मधल्या काळात लॉडला कैद होऊन १६४५ च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झालेला होता. कवितेतील धिक्कार १६३८ मध्ये इशारा होता. १६४५ मध्ये तो खरे ठरलेले भाकीत झाला. कवितेचा अर्थ बदलला, इतकेच म्हणणे येथे पुरेसे नाही. कवितेचा जातिधर्मच बदलला. विलापिकेची भविष्यवाणी झाली, आणि शोक करणारा तरुण कवी क्रान्तदर्शी ठरला.

ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर मिल्टनने व्हर्जिलच्या सातव्या गोपगीतातील जे वचन घातले आहे, त्याचा आशय भावी 'वातेस'ला दृष्ट लागू नये असा आहे. त्या लॅटिन शब्दात कवी आणि द्रष्टा हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. तेव्हा टिपणातील वाढ हा आकस्मिक फेरफार नसून सबंध ग्रंथाच्या रचनेशी तिचे नाते आहे. ख्रिस्तजन्मावरील ओडने आरंभ करून कवीच्या क्रमविकासाचे दर्शन घडविणारी या ग्रंथाची मांडणी लुई मार्ट्झ याने १९६५ मधील आपल्या निबंधात विशद केली आहे. येथे त्यात एवढीच भर घालावयाची की, हा विकास कवीने भूतकाळात शोधून काढलेला आहे. 'लिसिडस' लिहिणाऱ्या मिल्टनला लॉडचा शेवट ठाऊक नव्हता. तो छापणाऱ्या मिल्टनला ठाऊक होता. पहिल्याचे शब्द दुसऱ्याने वाचले आणि त्यांवर भाष्य लिहिले. या अर्थाने १६४५ चा ग्रंथ म्हणजे मिल्टनने स्वतःच्या कवितेवर केलेली पहिली समीक्षा होय.

४

हेरिकच्या बाबतीत असे स्पष्ट टिपण नाही. तेथे काम केले आहे ते इतिहासाने, आणि कवीने त्या कामाला संमती दिलेली दिसते. डेव्हनशरमधील डीन प्रायर या खेड्याचा हा धर्मोपदेशक १६४७ मध्ये आपल्या जागेवरून काढला गेला. दुसऱ्या वर्षी 'हेस्पेरिडीझ' निघाले. त्याच्या जोडीला धार्मिक कवितांचा 'नोबल नंबर्स' हा भाग होता. सुमारे १,४०० लहानमोठ्या कवितांचा हा प्रचंड संग्रह युवराज चार्ल्स याला अर्पण केलेला आहे. पिता कॅरिस्ब्रुकच्या किल्ल्यात कैदेत असताना पुत्राला केलेले हे अर्पण केवळ शिष्टाचार म्हणून वाचता येत नाही.

ग्रंथाची पहिलीच कविता त्यातील विषयांची यादी देते. ओढे, फुले आणि पाखरे यांच्या मागोमाग मे महिन्यातील उत्सवाचे खांब, सुगीच्या गाड्या, नाताळातील मद्यपात्रे आणि ग्रामदेवळांच्या जत्रा त्या यादीत येतात. पाल्ग्रेव्हच्या १८६१ मधील 'गोल्डन ट्रेझरी'तून हेरिकला भेटणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि भारतातील महाविद्यालयांतून अशा विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या, तो गोड निसर्गगीते लिहिणारा एक निष्पाप कवी वाटतो. आणि ही यादी ग्रामीण सुखाची यादी वाटते. परंतु १६४८ च्या वाचकाला ती तशी वाटणे शक्य नव्हते. उत्सवाचे खांब पार्लमेंटने १६४४ च्या एप्रिलमध्ये पाडावयास लावले होते. नाताळ, ईस्टर व व्हिटसन हे सण १६४७ च्या जूनमध्ये रद्द झाले होते. आणि त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरी येथे त्यावरून दंगल उसळली होती. तेव्हा हेरिकची यादी म्हणजे बव्हंशी निषिद्ध वस्तूंची यादी होती.

'कॉरिनाज गोइंग अ-मेइंग' ही त्याची सुप्रसिद्ध कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उशिरापर्यंत निजलेल्या प्रेयसीला मे महिन्याच्या पहिल्या पहाटे उठवून रानात फुले आणावयास नेण्याचा तिचा विषय आहे. निसर्गच जणू देऊळ आणि पाखरेच प्रार्थना म्हणणारी. अशा दिवशी घरात बसणे हे पाप. या आर्जवात मे महिन्यासाठी काढलेल्या जाहीरनाम्याचे पालन करण्याविषयीचा एक ओझरता उल्लेख येतो. जेम्स राजाने १६१८ मध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर खेळ-नृत्यांना मुभा देणारा जाहीरनामा काढला होता आणि चार्ल्सने तो १६३३ मध्ये पुन्हा काढला. तो जाहीरनामा अमलात असताना कवितेतील उल्लेख हा खेळकर अतिशयोक्तीचा नमुना आहे : प्रेमिक राजाज्ञेचा आधार घेऊन प्रेयसीला लाडीगोडी लावतो. परंतु १६४३ मध्ये पार्लमेंटच्या हुकुमाने तो जाहीरनामा सार्वजनिक रीतीने जाळण्यात आला. त्यानंतर पाच वर्षांनी छापलेल्या त्याच शब्दांत जाळलेल्या कायद्याचे पालन करण्याचे आवाहन उरते. लेआ मार्कस हिने १९८६ मधील आपल्या ग्रंथात स्ट्युअर्ट राजांचे उत्सवधोरण आणि या काळातील साहित्य यांचा संबंध सविस्तर दाखविला आहे. त्या विवेचनाचा भर धोरणावर आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते कवितेच्या शेवटाकडे. तेथे कवी सांगतो की, आयुष्य झपाट्याने ओसरत आहे आणि एकदा हरवलेले परत मिळणार नाही. हा होरेसपासून चालत आलेला संकेत. शांततेच्या काळात तो प्रत्येक माणसाच्या मरणाविषयी बोलतो. १६४८ च्या ग्रंथात मात्र तो एका सबंध ऋतुचक्राच्या, एका लोकजीवनाच्या मरणाविषयीही बोलू लागतो. संकेताची व्याप्ती वाढली. आणि ती वाढविण्यासाठी कवीला एक अक्षरही बदलावे लागले नाही.

अर्थात येथे तारतम्य राखणे अवश्य आहे. 'हेस्पेरिडीझ'मध्ये शेजाऱ्यांच्या दातांवर आणि अंगाच्या दुर्गंधीवर लिहिलेल्या शेकडो चुटकेवजा कविता आहेत. त्यांत राजकीय अर्थ शोधणे म्हणजे पद्धतीचे हसे करून घेणे होय. प्रकाशनकालाचा आधार तेव्हाच घ्यावा, जेव्हा कवितेतील एखादा शब्द वा विधी यांची प्रत्यक्ष जगातील स्थिती दोन काळांच्या दरम्यान बदललेली दाखविता येते.

५

लव्हलेसच्या 'लुकास्टा'ची हकीकत या दृष्टीने आणखी बोलकी आहे. या पुस्तकाला परवाना मिळाला १६४८ च्या फेब्रुवारीत. ते बाहेर पडले १६४९ च्या मध्यावर. या दोहोंच्या मध्ये कवीला कैद झाली आणि १६४९ च्या ३० जानेवारीला राजाचा वध झाला. म्हणजे परवाना देणाऱ्याने राजा असलेल्या देशात परवाना दिला; वाचकाने पुस्तक हाती घेतले ते राजा नसलेल्या देशात. त्यातील 'द ग्रासहॉपर' ही कविता चार्ल्स कॉटन या मित्राला उद्देशून आहे. उन्हाळाभर दवाचे मद्य पिऊन गाणारा नाकतोडा हिवाळ्याच्या तडाख्याने गोठून जातो. हे दोन मित्र मात्र शेकोटीजवळ बसून आपल्यापुरता उन्हाळा निर्माण करतात. आपले राज्य हिरावले गेले म्हणून रडत येणारा डिसेंबर महिना त्यांच्या मद्याच्या वर्षावात आपला मुकुट परत मिळाल्याची द्वाही फिरवितो. डिसेंबरचे हिरावलेले राज्य म्हणजे रद्द झालेला नाताळ, हा अर्थ १६४७ च्या जूननंतर कोणालाही सुचला असता. १६४९ च्या उन्हाळ्यात हे वाचणाऱ्याला दुसरा मुकुट न आठवणे अशक्य होते. मैत्रीचे गीत येथे मोडलेल्या राज्याच्या अंतर्गृहातले गीत होते. आणि त्यातील संयमाला जी उंची लाभते ती नेमकी या न उच्चारलेल्या दुःखामुळे.

व्हॉनच्या 'सायलेक्स सिंटिलान्स'चा विचार यापुढे नियंत्रक उदाहरण म्हणून करता येईल. कारण येथे रचना व प्रकाशन यांत मोठे अंतर नाही. अंतर आहे ते अनुकरणात. व्हॉनने ग्रंथाला जे उपशीर्षक दिले, तेच जॉर्ज हर्बर्टच्या 'द टेम्पल' या १६३३ च्या ग्रंथाचे होते. हर्बर्टच्या कवितांची नावेच एखाद्या वास्तूतून फिरविल्यासारखी आहेत : वेदी, फरशी, खिडक्या. ती वास्तू उभी होती, तिच्यात नित्य उपासना चालत होती. १६५० पर्यंत सार्वजनिक प्रार्थनेचा ग्रंथ बंद होऊन पाच वर्षे लोटली होती; आणि व्हॉनचा जुळा भाऊ थॉमस हा त्यांच्या वेल्समधील गावच्या धर्मोपदेशकाच्या जागेवरून त्याच साली काढला गेला. व्हॉनच्या ग्रंथात हर्बर्टची भाषा आहे, मंदिर नाही. त्याचा भक्त झाडीत, टेकड्यांवर, आदिपुरुषांच्या वृक्षांखाली देवाची चाहूल घेत फिरतो. एकोणिसाव्या शतकाने या निसर्गप्रेमात वर्ड्‌स्वर्थची पूर्वचिन्हे पाहिली. ती तेथे नाहीत असे नाही; पण दार बंद झाले म्हणून अंगणात बसणारा आणि अंगणाच्या ओढीने घर सोडणारा यांत फरक केला पाहिजे. उसने घेतलेले उपशीर्षक तो फरक वाचकाला पहिल्याच पानावर सांगते. १६५५ मध्ये व्हॉनने ग्रंथाचा दुसरा भाग जोडला आणि पाषाणहृदयावर आघात दाखविणारे पहिले प्रतीकचित्र गाळले. म्हणजे त्याच्याही लेखी ग्रंथ ही एकदाच पूर्ण होणारी वस्तू नव्हती.

६

आता उलट बाजूचे उदाहरण. मार्व्हेलची क्रॉमवेलच्या आयर्लंडहून परतण्यावरील होरेसच्या धर्तीची ओड ही या दशकातील श्रेष्ठ राजकीय कविता. पण ती या दशकात छापलीच गेली नाही. ती १६५० च्या उन्हाळ्यातली आहे. मार्व्हेलच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये त्याच्या कवितांचा संग्रह निघाला, तेव्हा क्रॉमवेलवरील कविता छापून झाल्यावर जवळजवळ सर्व प्रतींतून कापून काढण्यात आल्या. ओड सर्वसामान्य वाचकांपुढे आली ती १७७६ मध्ये.

या कवितेने विसाव्या शतकात एक महत्त्वाचा वाद उभा केला. क्लिअंथ ब्रुक्सने १९४७ मध्ये असे मांडले की, क्रॉमवेलविषयीचा आदर आणि त्याचा निषेध ही दोन्ही या कवितेच्या रचनेत एकजीव झालेली आहेत, आणि कवीच्या चरित्रापेक्षा कवितेच्या शब्दांतून ती गुंतागुंत वाचली पाहिजे. डग्लस बुशने १९५२ मध्ये उत्तर दिले की, ब्रुक्स मार्व्हेलला विसाव्या शतकातील उदारमतवादी बनवीत आहे आणि त्यासाठी शब्दांना नसलेला उपरोध चिकटवीत आहे. एक पक्ष संहितेचा, दुसरा इतिहासाचा, असा हा वाद सांगितला जातो. परंतु दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेला इतिहास एकच, तो म्हणजे रचनाकालाचा. कविता छापली गेली नाही ही गोष्ट दोघांच्याही युक्तिवादात गौण राहिली.

ती गौण नाही. मार्व्हेलने याच सुमारास छापलेल्या कविता शेजारी ठेवल्या म्हणजे ते ध्यानात येते. १६४९ मध्ये 'लुकास्टा'ला जोडलेल्या प्रशस्तिपर कवितेत तो काळाच्या अवनतीबद्दल आणि ग्रंथांवर तुटून पडणाऱ्या परीक्षकांबद्दल लव्हलेसच्या बाजूने खेद करतो. १६५५ मध्ये निनावी छापलेल्या 'द फर्स्ट ॲनिव्हर्सरी'त तो क्रॉमवेलच्या राजवटीचे उघड समर्थन करतो. छापील कविता कोणत्या ना कोणत्या बाजूस उभी आहे. ओड मात्र वधस्तंभावरील राजाला त्याची प्रतिष्ठा देते आणि विजेसारख्या क्रॉमवेललाही त्याचे सामर्थ्य देते. हा समतोल कवीच्या मनाचा गुण आहे, हे खरे. परंतु बाजारात ज्या कवितेला कोणाची तरी कविता व्हावे लागत नाही, तिलाच तो परवडतो, असेही अनुमान करणे भाग आहे. कवितेच्या आरंभी महत्त्वाकांक्षी तरुणाला सावलीतील काव्यदेवतांना सोडून शस्त्र हाती घेण्याचा सल्ला दिलेला आहे. कविता स्वतः मात्र त्या सावलीतच राहिली. काउलीनेही यादवी युद्धावरील आपली कविता १६५६ च्या संग्रहातून वगळली. तिचा पहिला भाग १६७९ मध्ये आणि उर्वरित भाग हस्तलिखितातून १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. न छापणे हीदेखील या दशकातील एक काव्यविषयक कृती होती.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. अर्थ जर प्रकाशनाने बदलतो, तर प्रत्येक पुनर्मुद्रणाने, किंबहुना प्रत्येक वाचनाने तो बदलला पाहिजे. मग १६४८ लाच विशेष अधिकार कोणता? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ग्रंथांतच शोधले पाहिजे. पाल्ग्रेव्हने हेरिकला दिलेला संदर्भ हा संपादकाचा आहे. त्यात हेरिकचा हात नाही. १६४५ चे टिपण मिल्टनचे आहे, १६४८ चे अर्पण हेरिकचे आहे, १६५० चे उपशीर्षक व्हॉनचे आहे. जेथे कवीनेच प्रकाशनाचा क्षण ओळखून त्याची खूण ग्रंथात ठेवली आहे, तेथे तो क्षण संहितेचा भाग होतो. 'लुकास्टा'सारख्या ग्रंथात, जेथे अशी खूण नाही, तेथे पुरावा अधिक कडक मागितला पाहिजे : बदललेली गोष्ट कवितेच्या शब्दांत नावानिशी असली पाहिजे. या दोन कसोट्यांपलीकडे जे उरते ते वाचकाचे स्वातंत्र्य. त्याला संशोधन म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट साहित्येतिहासाच्या मांडणीविषयीची. या शतकात विचार आणि भावना यांची फारकत झाली, हा एलियटचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. त्याची मांडणी डनपासून मिल्टन व ड्रायडनपर्यंत कवींना कालक्रमाने एका रांगेत उभे करून होते. परंतु या दशकातील वाचकाच्या दृष्टीने ती रांग नव्हतीच. डनच्या कविता १६५० व १६५४ मध्ये पुन्हा छापल्या गेल्या. हर्बर्टचा ग्रंथही पुनःपुन्हा निघत होता. डन, हर्बर्ट, मिल्टन, हेरिक व व्हॉन हे एकाच आवारातील दुकानांत एकाच वेळी उपलब्ध होते. एका संवेदनशीलतेने दुसरीची जागा घेतली असे चित्र रचनाकालाच्या कोष्टकात दिसते. प्रकाशनकालाच्या कोष्टकात अनेक संवेदनशीलता एकाच संकटापुढे एकत्र उभ्या दिसतात. यापैकी एकच चित्र खरे असे नव्हे. परंतु केवळ पहिल्यावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे आहे.

टॉमेसनने मिल्टनच्या कवितांच्या आपल्या प्रतीवर २ जानेवारी ही तारीख लिहून ठेवली. शीर्षपृष्ठावरील १६४५ हे साल, वर्षारंभ २५ मार्चला मानणाऱ्या जुन्या इंग्रजी गणनेनुसार, त्या दिवशी अद्याप चालू होते. आजच्या गणनेने ते १६४६ होते. एकाच ग्रंथाला दोन साले, आणि दोन्ही बरोबर. या दशकातील कवितेविषयी अभ्यासकाने बाळगावयाची सावधगिरी या नोंदीत साठविलेली आहे. कविता केव्हा लिहिली गेली हे विचारल्यावर, ती केव्हा आणि कोणत्या हातांत दिली गेली, हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय तिचे वाचन पुरे झाले असे मानता येत नाही.